एका भावकीतून एक

परवा सांगलीहून आष्ट्याकडे जाणारी एस.टी. उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकली. पुढे दोन ट्रॅक्टर, प्रत्येकाला दोन ट्रॉल्या, त्यात ऊस असा ठासून भरलेला की बाजूने सायकल जायलाही जागा नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून दमला आणि शेवटी त्याने तंबाखू मळायला घेतली. खिडकीतून आधी पाचट जळल्याचा वास आला, मग कुठल्याशा गुऱ्हाळावरचा उकळत्या रसाचा. शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावला. मी खिडकी आणखी उघडली आणि मला रडू यायला लागलं. पन्नाशी उलटलेल्या, कॉलेजात शिकवणाऱ्या बाईने भर एस.टी.त रडू नये, एवढं मलाही कळतं. पण हंगाम सुरू झाला की विलास आठवतो, आणि तो आठवताना मी कुठे बसले आहे याचा विचार करत नाही.

विलास माझा धाकटा भाऊ. आमचे वडील, आबा, फौजेतून हवालदार होऊन परत आलेले, म्हणून विलासही फौजेत गेला. आमच्याकडे यात कुणाला विचारायची पद्धत नव्हती. मी शिकले, कारण मुलगी फौजेत जाणार नाही हे ठरलेलंच होतं आणि माझं गणित बरं होतं. आई आम्ही लहान असतानाच गेली. त्यामुळे घरात माणसं तीन, आणि त्या तिघांत बोलणारा एकटा विलास.

मी सांगते तो हंगाम नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातला. सांगलीच्या एका कॉलेजात संशोधनाचं एक काम चाललं होतं, त्यात मी मदतनीस होते. माधवनगरला खोली घेऊन राहायचे. पहाटे यंत्रमागांची खडखड सुरू झाली की उठायचं, स्टोव्हवर चहा करायचा, सायकल काढायची आणि प्रयोगशाळा गाठायची. काम काय, तर पुरुषांचं रक्त काढायचं. फक्त पुरुषांचं. माधवनगरच्या घरमालकीणबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई बाई, आनि बायकांचं न्हाई व्हय? त्यांचं तर संसारातच गेलं म्हना." आणि स्वतःच खूप हसल्या.

काम समजायला अवघड नव्हतं. आई आणि बाप यांच्याकडून आलेलं सगळं आपल्या शरीरात पत्त्यांसारखं पिसलं जातं. एक छोटा तुकडा मात्र जवळजवळ न पिसता बापाकडून मुलाकडे जातो, त्याला वाय गुणसूत्र म्हणतात. मुलीला तो मिळतच नाही. फार क्वचित, नक्कल होताना, त्यात एखादी बारीक चूक होते. ज्याच्यात ती झाली त्याच्या मुलात, नातवात, पणतूत ती चूक खुणेसारखी उतरत राहते. ती खूण आज कुठे कुठे सापडते हे पाहत गेलं, की तो पहिला बाप कुठल्या मुलखातला असेल आणि त्याची लेकरं कुठे पांगली, याचा अंदाज बांधता येतो.

आमच्या कामाच्या मुळाशी अशीच एक खूण होती. ती आमच्या भागातल्या पुरुषांत मिळत होती, खाली तमिळ मुलखात मिळत होती आणि सिंधूच्या पलीकडे, पार इराणच्या वाटेवरच्या डोंगराळ भागातही. आमच्या सरांनी भिंतीवर आशियाचा मोठा नकाशा लावला होता आणि त्यात रंगीत टाचण्या टोचल्या होत्या. ही खूण तिकडून खाली आली की इथेच जन्मून तिकडे गेली, असं मी एकदा विचारलं. सर म्हणाले, "दोन्ही बाजूंनी भांडणारी माणसं आहेत. आपण आपल्या नळ्या नीट भरायच्या." मला ते उत्तर आवडलं. चहा पिताना मी त्या नकाशासमोर उभी राहायचे आणि कुणीतरी शेरडं हाकत, वाळवंटं ओलांडत, पोराला खांद्यावर घेऊन चाललेला बाप मला दिसायचा. त्याला आमच्या आबांसारख्या मिशा असायच्या, हे काही शास्त्रीय नव्हे.

कामाचा एक नियम होता. एका भावकीतून एकाचंच रक्त घ्यायचं. चुलते, पुतणे, चुलतभाऊ, सगळ्यांत तो तुकडा एकच असणार. एकाच घरातले चार जण घेतले तर एकच गोष्ट चारदा मोजली जाणार आणि नकाशा खोटं बोलायला लागणार. पण गावात आडनाव एक असलं तरी भावकी एक असतेच असं नाही, आणि हे परक्याला कळायचं कसं? त्याला मी एक युक्ती काढली होती, तिचं सरांना फार कौतुक. समोरच्या दोघांना मी विचारायचे, "तुम्ही एकमेकांचं सुतक धरता का?" धरत असतील तर एक जण उठायचा. हा प्रश्न एखाद्या शहरी पोरीला सुचला नसता, असं मला वाटायचं, आणि त्याची घमेंडही होती.

आमच्या गावात शिबिर लागलं ते पौषात. शाळेचा व्हरांडा, दोन टेबलं, स्पिरिटचा वास, थर्माकोलच्या डब्यात बर्फ. माणसं लांब उभी. भर रानातल्या सापाला न भिणारे गडी सुईला भीत होते. एक म्हातारा मला म्हणाला, "आवं बाई, रगात काडून त्याचं करता काय? इकता व्हय?" मी समजावत होते तेवढ्यात आबा आले. अंगात इस्त्रीचा शर्ट. खुर्चीत बसले, बाही वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माज्या पोरीला रगात द्याला भ्याचं काय? काड गं शाले." मी त्यांच्या दंडाला रबर बांधलं. शीर सापडली तरी ती दोनदा चाचपली. बापाच्या हातात सुई घालणं सोपं नसतं. आबांनी मात्र हूं का चूं केलं नाही. रक्त नळीत उतरताना ते बघत राहिले आणि विचारलं, "ह्ये आपलं त्ये मूळ का काय, ह्यात दिसतंय?"

"दिसंल, आबा."

"आनि तुज्यात?"

"माझ्यात नसतं. पोरींना येत नाही ते."

आबांनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं. "आसं कसं? नाक तर माजंच हाय की तुजं," म्हणाले आणि बाकीच्यांना बोलवायला उठून बाहेर गेले.

विलास तेव्हा रजेवर आला होता. आबा उठले तसा तो त्याच खुर्चीत बसला, बाही दुमडून. मी सवयीने रबर बांधलं, बोळा फिरवला आणि मग माझ्या लक्षात आलं. मी रबर सोडलं. "तुझं नको. आबांचं घेतलंय. एका भावकीतून एक."

"म्हंजी मी काय आबांची झेरॉक्स व्हय गं आक्का?"

"तेवढ्यापुरता तरी तसाच."

"लय वंगाळ कॉपी निगाली म्हन की मग," तो म्हणाला. पण उठेना. त्याचा डोळा टेबलावरच्या बिस्किटांवर होता. रक्त देणाऱ्याला आम्ही चहा आणि ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा द्यायचो. त्याने पेटीतला कापसाचा बोळा उचलला, कोपरात दाबला, हात मुडपला आणि चेहरा पाडून असा काही बाहेर गेला की दोन बायका हळहळल्या. पुडा घ्यायला तो विसरला नाही. बाहेर आबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि उरलेल्यांना सुनावलं, "बगा, बापलेकांनी दिलं. आता तुमची बारी." मला हसू आवरेना. मी काही बोलले नाही, कारण त्यामुळे लोक रांगेत येऊ लागले होते. संध्याकाळी त्याच पुड्यातली निम्मी बिस्किटं त्याने मला दिली आणि आम्ही बांधावर बसून खाल्ली. वाळवंट ओलांडणारा तो बाप मी त्याला सांगितला. तो म्हणाला, "आन् त्याची भन कुटं हाय तुज्या गोष्टीत?"

चार दिवसांनी आमची जीप साताऱ्याला निघाली. तिथे निवृत्त फौजींचं शिबिर होतं. विलासची रजा संपत आलेली, साताऱ्यातल्या एका सोबत्याला घेऊन तो पुढे जाणार होता, म्हणून तोही जीपमध्ये बसला. मागे जागा नव्हती, तर बर्फाचा डबा त्याने मांडीवर घेतला. आमच्या गावचे नमुने त्याच डब्यात होते. खड्डा आला की तो डबा घट्ट धरायचा आणि म्हणायचा, "सावकास रं गड्या, म्हातारा हाय आत." कऱ्हाड गेलं, उंब्रज गेलं, रस्त्याकडेच्या रानांतून ऊस तुटत होता, तोडकऱ्यांच्या बायका डोक्यावर वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या घेऊन चालल्या होत्या. विलास सगळ्यांना हात करत होता.

साताऱ्याचं शिबिर मजेत झालं. एक सुभेदार मला म्हणाले, "मूळ कुठलं निघालं ते लेखी देणार का? सही-शिक्क्यानिशी?" उगम नक्की सांगता येत नाही, असं म्हटल्यावर ते नाराज झाले. "मग एवढं रगात कशापायी?" दुपारी स्टँडवर विलासने मला उसाचा रस पाजला, स्वतः दोन ग्लास प्यायला. त्याला वरती, बर्फातल्या चौकीवर जायचं होतं. "थंडी असंल ना रे?" मी विचारलं. "तुज्या डब्याएवढीच," तो म्हणाला. गाडी हलली तेव्हा त्याने खिडकीतून हात काढला. बोळा दाबल्याचं नाटक त्याने अजून सोडलं नव्हतं, कोपर मुडपूनच हात हलवला.

पुढच्या हंगामाला उसाला कोयता लागला आणि तार आली. बर्फाचा कडा चौकीवर कोसळला होता. दोघे सापडले, विलास सापडला नाही.

भावकीने सुतक धरायची तयारी केली, तर आबा म्हणाले, "माती दिसल्याबिगर सुतक न्हाई." त्यांना वाटत होतं, उन्हाळ्यात बर्फ वितळेल आणि पोरगा मिळेल. जिवंत मिळेल असं ते म्हणत नव्हते, नुसतं मिळेल म्हणत होते. चैत्र गेला, वैशाख गेला. गावात ऊन मी म्हणत होतं आणि आबा रोज दारातल्या दगडावर बसून पोस्टमनची वाट बघत होते. मला विचारायचे, "तिकडं वितळलं असंल का गं?" मी म्हणायचे, वितळत असेल. जूनमध्ये त्याची ट्रंक आली. त्यात कपडे, दाढीचं सामान आणि माझी पत्रं होती. तो कुठेच नव्हता.

फिरून हंगाम आला तेव्हा थोरले चुलते आणि भटजी घरी आले. क्रिया न करता किती दिवस ठेवायचं, असं म्हणाले. देह नसला तर दर्भाचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात, तसा शास्त्रात मार्ग आहे. आबा ऐकून घेत होते. मग एवढंच बोलले, "गवताचा पोरगा जाळू व्हय मी?" आणि उठून परसात गेले. त्यांना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मी आतच थांबले.

दुसऱ्या दिवशी आबा एकटेच एस.टी.ने सांगलीला आले. मी पहाटेच्या गाडीने परतून प्रयोगशाळेत होते. त्यांना असं दारात बघून मी घाबरले. त्यांनी चपला बाहेर काढल्या, सरांना नमस्कार केला आणि मला म्हणाले, "शाले, तू त्याचं रगात घ्येतलं हुतंस. शाळंत. माज्यामागनं. त्ये हाय न्हवं अजून?"

मी तोंड उघडलं. आबा, त्याचं घेतलंच नव्हतं, तो बिस्किटांसाठी नाटक करत होता, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. आबा पुढे बोलत होते. "भट म्हनतोय पुतळा करा. करू. पर त्यात त्याचं कायतरी आसाया पायजे. त्येवडं दे मला. तुमाला लागत आसंल तर निम्मं ठेवा." त्यांनी हात पुढे केला होता. त्या हाताकडे बघून मी म्हणाले, "हाय, आबा."

सरांना नियम माहीत होता. आमच्या घरातून कोणाचा नमुना आहे हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि नकाशाकडे तोंड करून उभे राहिले.

प्रत्येक माणसाच्या आम्ही दोन नळ्या भरायचो. एक दूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत जायची, दुसरी इथल्या फ्रीझरमध्ये राहायची. नळीवर नाव नसतं, नुसता आकडा असतो. मी आबांच्या आकड्याची नळी काढली आणि आबांच्या हातावर ठेवली.

त्यांनी ती दोन्ही हातांत धरली. त्यांचे ओठ हलत होते. मग एकदम म्हणाले, "आगं, लय गार हाय की."

मी बर्फाचा छोटा डबा पुढे केला. "यात ठेवा, नाहीतर वितळंल."

"न्हाई," आबा म्हणाले. "बर्फात न्हाई आता." आणि शर्टाचं बटण काढून त्यांनी ती नळी आत, छातीशी धरली.

तशीच धरून ते एस.टी.त बसले. मी शेजारी. पुढे ट्रॉल्या होत्या आणि गाडी मुंगीच्या पावलानं चालली होती. आबांनी वाटेत एकदाच तोंड उघडलं. म्हणाले, "ऊन झालं बग." मला वाटलं, इथेच गाडीतून उडी मारावी. त्यांच्या छातीशी त्यांचंच रक्त होतं आणि ते त्याला ऊब देत होते. मी मनात शास्त्राचा आधार शोधत होते. त्या तुकड्यापुरतं बापाचं आणि लेकाचं एकच असतं, आपण खोटं बोललेलो नाही, असं स्वतःला सांगत होते. आष्टा येईपर्यंत कितीदा सांगितलं असेल. एकदाही पटलं नाही.

नदीकाठी पुतळा केला. भावकीतले सगळे पुरुष आले होते. शाळेत ज्यांना मी सुतकाचा प्रश्न विचारून खुर्चीवरून उठवलं होतं, तेच सगळे डोकी भादरून उभे होते. आबांनी दर्भाच्या छातीवर नळी उपडी केली. रक्त काळपट झालं होतं. ते गवतात लगेच मुरलं. आबांनी तिथे तळहात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "आता आलास न्हवं बाबा घरला." मग अग्नी दिला. गवताला जळायला कितीसा वेळ लागणार? आम्ही नदीवर अंघोळी केल्या आणि घरी आलो. आबा त्या दिवशी पोटभर जेवले. तार आल्यापासून पहिल्यांदाच.

म्हणून मी त्यांना कधी सांगितलं नाही. ते त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले आणि विलासची क्रिया नीट झाली या समाधानात गेले. त्यांना अग्नी मी दिला. ते संशोधन मी सोडलं, आता पोरांना शिकवते. वाय गुणसूत्राचा धडा आला की कुणीतरी विचारतंच, एखाद्याला मुलगा झाला नाही तर ती खूण संपते का? मी सांगते, त्या घरातून संपते, भावकीत राहते. खरंच आहे ते. माझ्या चुलतभावांची पोरं आहेत, त्यांची पोरं आहेत. डोंगर आणि वाळवंटं ओलांडून आलेली ती खूण आमच्या गावात मजेत नांदते आहे. एक विलास बर्फात राहिला म्हणून शास्त्राचं काडीचंही नुकसान झालेलं नाही. आशियाच्या नकाशावरची एकही टाचणी हललेली नाही.

नियम बरोबर होता. मी नियमाने वागले, आणि कुणीही विचारलं तर मी तसंच सांगेन. पण हंगामात असा वास आला, एस.टी. अशी अडकली, की मी पुन्हा त्या व्हरांड्यात असते. विलास बाही दुमडून बसलेला आहे, रबर बांधलेलं आहे, शीर वर आलेली आहे. एक मिनिटाचं काम होतं. नकाशात धरलं नसतं, कुठे पाठवलं नसतं, नुसतं काढून ठेवायचं होतं. त्या संध्याकाळी सामान आवरताना मी पेटीतल्या नळ्या मोजल्या होत्या. अकरा नळ्या रिकाम्या उरल्या होत्या.